आज किती जळलं, सर?

आमच्या कॉलनीच्या फाटकातून कुणीही गाडी घेऊन आत आलं, की हबीबभाई पहिला प्रश्न विचारतात, "आज किती जळलं?" कसे आहात नाही, कुठून आलात नाही, एकदम हाच प्रश्न. नवीन माणूस दचकतो. कुणाच्या तरी घराला आग लागली असं त्याला वाटतं. गॅसचं सिलिंडर पोचवायला आलेला एक नवा गडी तर हा प्रश्न ऐकून सिलिंडर तिथेच टेकवून चार पावलं मागे पळाला होता. जुने लोक मात्र स्कूटर स्टँडला लावता लावता मुकाट्याने सांगून टाकतात, "शहागंजला जाऊन आलो भाई. जाऊन-येऊन नऊ किलोमीटर."

हबीबभाई डोळे मिटतात, ओठ हलवतात आणि निकाल देतात, "चारशे साठ ग्रॅम."

हे चारशे साठ ग्रॅम म्हणजे धूर. नीट सांगायचं तर कार्बन डायऑक्साइड. माणसाने गाडी चालवली, पेट्रोल जाळलं, तर हवेत किती वजन सोडलं, हे हबीबभाई मोजतात. फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून, येईल त्याचं मोजतात. माझ्या बायकोला, मंगलला, ते एकदा म्हणाले होते, "भाभी, कोथिंबिरीची जुडी बगा. शंभर ग्रॅमबी नाय भरायची. अन् तिला आनायला सरांनी अर्धा किलो धूर केला." त्या दिवसापासून मला कोथिंबीर आणायला पायी पाठवलं जातं.

हे सगळं मी कौतुकाने लिहितोय असा कुणाचा समज होऊ नये. मी रसायनशास्त्राचा निवृत्त शिक्षक आहे. एकतीस वर्षं मी मुलांना ज्वलन शिकवलं. आणि या कॉलनीत विज्ञानातलं काही विचारायचं असलं, तर लोक पेट्रोल पंपावर नोकरी केलेल्या माणसाकडे जातात. माझा जळफळाट होतो. आता लपवून तरी काय उपयोग? मंगलला ठाऊक आहे, शेजाऱ्यांना ठाऊक आहे, तुम्हालाही असू द्या.

हबीबभाई बत्तीस वर्षं जालना रोडवरच्या एका पंपावर होते. रोज सकाळी जमिनीखालच्या टाकीत लांब पट्टी सोडायची आणि किती पेट्रोल उरलंय ते पाहायचं. मग काचेच्या नळीत थोडं पेट्रोल घेऊन त्याची घनता मोजायची आणि फळ्यावर लिहायची. ही त्यांची कामं. ऊन असो, पाऊस असो, त्यांची घनता कधी चुकली नाही असं ते स्वतःच सांगतात. निवृत्त झाल्यावर त्यांच्या मनाने एक भलतंच घेतलं.

"सर, बत्तीस वर्षं मी लोकांच्या टाक्या भरल्या," ते मला म्हणाले, "थेंबाथेंबाचं माप दिलं. पन ते सगळं गेलं कुठं, हे कधी बगितलंच नाय."

आणि त्यांनी मला तो प्रश्न विचारला. सव्वीस जानेवारी होती, झेंडावंदन झालं होतं, सगळी कॉलनी हातात चहा घेऊन उभी होती. "सर, तुम्ही सायन्सवाले. एक लिटर पेट्रोल जाळलं तर धुराचं वजन किती भरंल?"

मी चहाचा घोट घेतला आणि वर्गात उत्तर द्यावं तसं, सगळ्यांना ऐकू जाईल असं उत्तर दिलं, "अहो सोपं आहे. लिटरभर पेट्रोल पाऊण किलोच्या आसपास भरतं. मग धूरही पाऊण किलोच. पदार्थ कुठून नवीन येतो का?"

लोकांनी माना डोलावल्या. हबीबभाईंनीही डोलावली. पण आठ दिवसांनी, कॉलनीची मीटिंग अगदी भरात असताना, ते उठून उभे राहिले. "सर, ते पाऊन किलोचं नाय जमलं. दोन किलो तीनशे ग्रॅम भरतं."

सगळे हसले. पाऊण किलोतून सव्वादोन किलो कसे निघतील? मीही हसलो, जरा जास्तच हसलो. तेव्हा हबीबभाई शांतपणे म्हणाले, "भाभी लोकांना विचारा. एक किलो पीठ भिजवलं तर कनिक एक किलोच होती का? पानी मिळतं ना त्यात. तसा जळताना हवेतला ऑक्सिजन मिळतो. सरांनी तो धरला नाय."

बायकांच्या बाजूने एकच "हो की!" उठला. त्यात मंगलचा आवाज मला वेगळा ओळखू आला.

मी दरवर्षी वर्गात मॅग्नेशियमची फीत जाळून दाखवायचो. जाळल्यावर तिचं वजन वाढतं आणि का वाढतं, हे एकतीस वर्षं एकतीस तुकड्यांना सांगितलं. आणि चहाच्या कपाशी उभं राहून मी ऑक्सिजन विसरलो. माझा ऑक्सिजन मला एका पंपवाल्याने आणून दिला, तोही कणकेत मळून. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की एक ना एक दिवस या माणसाची चूक काढायची, चारचौघांत काढायची आणि त्याच्या तोंडून "माझं चुकलं" वदवून घ्यायचं. सहा वर्षं मी याच एका आशेवर जगलो, असं म्हटलं तरी चालेल.

आपल्या भाषेत पेट्रोलही जळतं आणि माणूसही जळतो. हबीबभाई फाटकात "आज किती जळलं, सर?" विचारायचे, तेव्हा हा माणूस पेट्रोलचं विचारतोय की माझं, असा मला दर वेळी संशय यायचा.

मी प्रयत्न कमी केले नाहीत. माझं गाव कन्नडकडचं. एकदा मी त्यांना गाठून म्हणालो, "हबीबभाई, तुमचं गणित सपाट रस्त्याचं. आमच्या घाटात उताराला गाडी नुसती घरंगळते. तिथे कुठलं आलंय पेट्रोल?"

"हौ, बरोबर है," ते म्हणाले. मला वाटलं, सापडला. "पन सर, चढताना कोन ढकलतं?"

त्यानंतर अ‍ॅव्हरेजचं प्रकरण झालं. हबीबभाईंचं मत असं, की पुरुषमाणूस वय खरं सांगेल, आजार खरा सांगेल, पण गाडीचं अ‍ॅव्हरेज कधी खरं सांगणार नाही. सगळे दहा-वीस वाढवून सांगतात. म्हणून त्यांनी नियम केला, की टाकी काठोकाठ भरायची, गाडी फिरवायची, पुन्हा काठोकाठ भरायची आणि दुसऱ्यांदा किती लिटर मावलं ते त्यांना दाखवायचं. मी माझ्या स्कूटरचं अ‍ॅव्हरेज साठ सांगत आलो होतो. त्यांनी मोजलं. अडतीस निघालं.

"म्हनजे कन्नडला जाऊन येताना साडेचार किलो नाय सर, सव्वासात किलो." हे ते मला बाजूला घेऊन सांगू शकले असते. पण तो माणूस खासगीत आकडा सांगतच नाही. तोपर्यंत चार जण जमले होते. पुढचा महिनाभर लोक मला "काय अडतीस, बाजारात का?" असं विचारत होते.

पण सगळ्यात जिव्हारी लागलं ते फळ्याचं. फाटकाच्या भिंतीवर कॉलनीचा एक काळा फळा आहे. निवृत्त झाल्यापासून मी त्यावर रोज सकाळी सुविचार लिहायचो. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात. आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांनी एक दिवस विनंती केली, की फळ्याचा खालचा कोपरा हबीबभाईंना द्यावा, कॉलनीच्या रोजच्या धुराचं वजन लिहायला. मी मोठ्या मनाने दिला. कोपऱ्याचा अर्धा फळा झाला. मग एका सकाळी मी खडू घेऊन गेलो तर फळा वरपासून खालपर्यंत भरलेला. काळे मास्तर, पाचोड, शाळा, जाऊन-येऊन शंभर किलोमीटर, मोटारसायकल, चार किलो सहाशे ग्रॅम. खाली हबीबभाईंच्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलेलं, "महिन्याला ज्वारीचे दोन कट्टे भरून वर दहा किलो."

मी तावातावाने घरी आलो. "माझ्या सुविचाराला जागाच नाही!"

मंगल भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांचं वाचून काळे मास्तरांनी एस्टीचा पास काढला. तुमचं वाचून कुणी काय केलं?"

मी हातातला खडू खिशात टाकला.

आता मुलांचं सांगतो, कारण माझा खरा जळफळाट तिथे होता. आमचा अजय नाशिकला असतो. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी बायको-मुलीला घेऊन गाडीने येतो. रविवारी जेवून परत. फाटकात त्याची गाडी थांबली, की हबीबभाई खुर्चीतून उठून काचेपाशी जायचे. किती किलोमीटर झाले तो काटा बघायचे. सोमवारी फळ्यावर लिहिलेलं असायचं, "अजय पवार, नाशिक, साठ किलो."

साठ किलो! पूर्ण कॉलनीत त्या आठवड्याला एवढा आकडा कुणाचा नसायचा. लोक चेष्टा करायचे. "सर, तुमचा लेक आला म्हणजे धुराचं एक माणूस जास्तीचं येतं." विज्ञानाच्या शिक्षकाचा मुलगा, आणि फळ्यावर सगळ्यात वर!

आणि त्याच्या बरोबर खाली हबीबभाई लिहायचे, "साजिद पठाण, पुणे, शून्य."

साजिद म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. पुण्यात इंजिनिअर आहे, बायको नाझिया आणि लहान मुलासह तिथेच राहतो. दोन वर्षांपूर्वी रमजान ईदला तो गाडी घेऊन आला होता. त्याचे सदुसष्ट किलो भरले होते आणि हबीबभाईंनी कुणाचीही भीडभाड न ठेवता ते फळ्यावर लिहिले होते. त्यानंतर बकरी ईदला साजिदचा फोन आला. "अब्बा, ईदच्या एका दिवसासाठी सदुसष्ट किलो कशाला? व्हिडिओ कॉल करतो ना." तेव्हापासून तो आला नाही. दिवाळीच्या सुट्टीत नाही, पुढच्या दोन्ही ईदांना नाही. आणि हबीबभाई कॉलनीभर सांगत फिरले, "पोरगा लई समजदार निघाला. माझ्या शब्दाखातर एवढा धूर वाचवला त्यानं."

अध्यक्षांनी तर मीटिंगमध्ये टाळ्या वाजवायला लावल्या. वडिलांच्या विचारांचा असा मान ठेवणारा मुलगा! मी टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन अजयवर फोनवर चिडलो. "जरा रेल्वेने, एस्टीने येता येत नाही का तुला? लोकांची मुलं बघ!" अजय म्हणाला, "बाबा, मग येतच नाही." मंगलने माझ्या हातून फोन काढून घेतला आणि दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही.

त्या शून्याचा मला हेवा वाटायचा. आज हे लिहिताना लाज वाटते, पण वाटायचा हे खरं. हबीबभाईंच्या पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली, घरात ते एकटे, स्वयंपाक स्वतःच करतात, हे मला माहीत होतं. पण फळ्यावर ते काही लिहिलेलं नव्हतं. फळ्यावर त्यांचं शून्य होतं आणि माझे साठ.

यंदाच्या रमजानमध्ये, ईद आठ दिवसांवर आलेली असताना, ते दुपारी तीनच्या सुमाराला माझ्या घरी आले. मंगल भिशीला गेली होती. मी सवयीने "चहा घेणार?" म्हणालो आणि जीभ चावली. त्यांचा रोजा होता. ते हसले, सोफ्याच्या टोकावर बसले आणि खिशातून एक घडी घातलेला कागद काढला.

"सर, जरा तपासून द्या."

कागदावर पुणे ते इथपर्यंतचं गणित होतं. जाऊन-येऊन चारशे सत्तर किलोमीटर. लिटरला सोळा. एकोणतीस लिटरच्या वर पेट्रोल. गुणिले दोन पूर्णांक तीन. सदुसष्ट किलो.

"काय तपासू?"

"चूक काढा," ते म्हणाले.

मला वाटलं, माझी थट्टा चाललीय. पण ते माझ्याकडे बघत नव्हते, कागदाकडे बघत होते.

"तुम्ही सहा साल झाले बगताय माझी चूक कुठं सापडती ते. मला काय कळत नाय का? तुम्ही शिकलेले. असंल कुठंतरी. बारकीशी का असंना. मी रोज रातीला बगतो, मला नाय सापडत."

"पण कशाला?"

"साजिदला सांगतो ना मग, की अब्बाचं गनित चुकलं, एवढा धूर नाय होत. मग त्याला यायला हरकत नाय." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "सर, मी फळ्यावर तुमच्या अजयचे साठ किलो लिहितो ना, तवा मला लई जलन होते तुमची. अल्ला माफ करे. दर महिन्याला साठ किलोचं पोरगं येतं तुमच्या दारात."

मी चष्मा लावला आणि कागद घेऊन बसलो. आयुष्यात इतकं मन लावून मी कुठला पेपर तपासला नसेल. अंतर पाहिलं, भागाकार पुन्हा केला, गुणाकार पुन्हा केला, कार्बन किती, ऑक्सिजन किती, सगळं पहिल्यापासून मांडलं. सहा वर्षं मला ज्या चुकीची भूक होती ती शोधत होतो, आणि या वेळी ती खरंच सापडावी असं वाटत होतं. त्या माणसाची आकडेमोड चोख होती. कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती.

मी कागदाची घडी घातली.

"सापडली," मी म्हणालो.

त्यांनी मान वर केली. "कुठं?"

"घनतेत. पुण्याकडच्या पेट्रोलची घनता कमी असते. तुम्ही इथली धरलीत."

ज्या माणसाने बत्तीस वर्षं रोज सकाळी काचेच्या नळीत पेट्रोल घेऊन घनता मोजली, त्याला मी हे सांगत होतो. एवढं धडधडीत खोटं मी वर्गात तपासायला आलेल्या साहेबांसमोरही बोललो नव्हतो. हबीबभाई माझ्याकडे बघत राहिले. इतर कुणी हे बोललं असतं, तर त्यांनी त्याला फाटकात उभं करून सगळ्या कॉलनीसमोर घनतेचा धडा दिला असता.

"किती कमी?" त्यांनी हळूच विचारलं.

"बरीच."

"मग कितीवर येतं?"

"चाळीसच्या आत."

"व्हय," ते म्हणाले. "घनताच. माझ्या ध्यानातच नाय आलं." आणि लगेच फोन काढून त्यांनी साजिदला लावला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोनचा स्पीकर नेहमीच चालू असतो.

"साजिद, बेटा, ते सदुसष्टचं चुकलं होतं रे. पवार सरांनी आत्ता काढली चूक. सर इथंच बसलेत. घनतेत चुकलं. चाळीसबी होत नाय."

पलीकडे साजिदच्या मागे लहान मूल बडबडत होतं.

"अब्बा," साजिद म्हणाला, "घनता? तुम्ही घनतेत चुकलात?"

"हौ. माझं चुकलं."

"अब्बा, तुम्ही कधी…"

"चुकलं म्हनतो ना. वय झालं. माझं चुकलं, बेटा."

हे शब्द त्यांच्या तोंडून ऐकायला मी सहा वर्षं थांबलो होतो. आता ते ऐकवत नव्हते. मी उठून उगाच खिडकी उघडली.

"नाझियाशी बोलून सांगतो, अब्बा," साजिद म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. फोन बंद झाला.

हबीबभाई फोन हातात धरून तसेच बसले. मी म्हणालो, "येईल तो. इंजिनिअर आहे, त्याला घनतेचं लगेच पटलं."

"त्याला घनता माझ्यापेक्षा जास्त कळती सर," ते म्हणाले. मग कागद खिशात ठेवून उठले, चपला घातल्या आणि दाराशी थांबले.

"माझं चुकलंच, सर. त्या ईदला पोरगं एवढ्या लांबून आलं, गाडीतून खाली उतरलं, सलाम केला. अन् मी आधी गाडीचा काटा बगितला. तोंड नंतर बगितलं त्याचं."